पटावरच्या मुली पुढे कुठे जातात?

दहावीचा निकाल लागला की काही दिवसांनी आमच्या तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी सायन्सची गुणवत्ता यादी लागते. मी तिथे भौतिकशास्त्र शिकवते. यादीत पहिल्या दहांत सहा-सात नावं मुलींची असतात आणि आता त्याचं कुणालाच नवल वाटत नाही. वर्गात पुढचे बाक त्यांचेच. प्रॅक्टिकलला व्हर्निअर कॅलिपरचा शून्यदोष आधी काढून मग वाचन घेणाऱ्या त्याच, आणि जर्नल वेळेवर तपासून घेणाऱ्याही त्याच. बारावीच्या निकालाची बातमी तर दरवर्षी एकाच मथळ्यानं येते. २०२४ साली राज्यात ९५.४४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या आणि ९१.६० टक्के मुलगे.

आता पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोठ्या संशोधन संस्थेत कामानं जावं आणि लांबलचक मार्गिकेतून चालताना दारांवरच्या पाट्या वाचाव्यात. मी हे नेहमी करते. दहा-बारा दारं ओलांडल्यावर एखादी पाटी बाईच्या नावाची येते. संचालकांच्या दालनात आजवरच्या संचालकांचे फोटो ओळीनं लावलेले असतात. तिथे तर बहुतेकदा एकही बाई सापडत नाही.

आमच्या गावातली यादी आणि त्या पाट्या, या दोन टोकांमध्ये काय घडतं, हा खरा प्रश्न आहे. ‘मुलींना विज्ञानाकडे वळवा’ हे वाक्य मी दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात, कुठल्या ना कुठल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकते. पाहुण्यांचा हेतू चांगला असतो. पण समोर सतरंजीवर बसलेल्या मुली केव्हाच वळलेल्या असतात. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ सालच्या पाहणीनुसार देशात विज्ञान शाखेत पदवीपासून पीएच.डी.पर्यंत मिळून ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख. सगळ्या विषयांत मिळून पीएच.डी. करणारे २.१३ लाख होते. त्यांतल्या जवळजवळ ९९ हजार स्त्रिया. सात वर्षांपूर्वी हा आकडा ४८ हजारांच्या आत होता, म्हणजे तो दुपटीहून वाढला. याच्या शेजारी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची २०१८ ची आकडेवारी ठेवून पाहा. देशात प्रत्यक्ष संशोधन आणि विकासाचं काम करणाऱ्यांत स्त्रिया १६.६ टक्के. निम्म्याहून जास्त असलेल्या मुली पुढे सहा माणसांत एक उरतात. एवढी गळती एखाद्या कालव्यात असती, तर पाटबंधारे खात्यानं चौकशी लावली असती.

मागं वळून पाहिलं तर या प्रश्नाचा नूर काळाप्रमाणे बदलत गेलेला दिसतो. आधी वाद होता तो मुलींनी काय शिकावं याचा. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा उघडली. इंग्रजी, गणित, शास्त्र हे मुलांचेच विषय मुलींनाही शिकवावेत का, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून कडाक्याची लढाई झाली, आणि ‘केसरी’नं त्या अभ्यासक्रमाला उघड विरोध केला. पुढे १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. ते काढताना त्यांच्या डोळ्यांपुढे जपानमधलं महिला विद्यापीठ होतं. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाला उपयोगी विषय, हा त्यांचा मध्यममार्ग होता. त्या मार्गानं हजारो मुली घराबाहेर पडल्या, हे ऋण मोठंच आहे. पण बायकांचं शास्त्र म्हणजे स्वयंपाकघराचं शास्त्र ही खूणगाठ समाजाच्या मनात त्या काळात जी बसली, ती सुटायला पुढच्या दोन पिढ्या लागल्या.

दुसरा टप्पा दाराचा. इथे कमला भागवत यांची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती बरीच अर्धवट सांगितली जाते. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली ही मुलगी घराण्याच्या रीतीनं त्याच संस्थेत अर्ज करते आणि सर सी. व्ही. रामन तो नाकारतात. कारण एकच, ती मुलगी आहे. ती परत फिरली नाही. बंगळूरला जाऊन तिनं स्पष्ट जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष परीक्षाधीन, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि तिच्यामुळे तिथल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभरानंतर रामन यांनी तिचं काम मान्य केलं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ साली जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. विज्ञानशाखेत पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं जातं.

बहुतेक लेख इथेच थांबतात. दार ठोठावलं, उघडलं, जिंकलं. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या भारतात परतल्या, दिल्लीत शिकवलं, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं आणि १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. गोरगरिबांच्या आहारातल्या कडधान्यांवर आणि नीरेवर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं काम केलं. नीरेच्या पोषणमूल्यावरच्या त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. असं असूनही त्याच संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना ताटकळत राहावं लागलं. म्हणजे प्रवेशाचं दार उघडलं ते १९३३ साली, पण आतल्या जिन्यावरच्या पायऱ्यांना प्रत्येक मजल्यावर वेगळं कुलूप होतं. आजचा प्रश्न त्या जिन्याचा आहे.

ॲना मणी यांचंही तसंच. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांच्या वर्णपटावर काम करून त्यांनी शोधनिबंध लिहिले, प्रबंधही सादर केला. मद्रास विद्यापीठानं एम.एस्सी.ची पदवी नाही या कारणावरून पीएच.डी. दिली नाही. त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आल्या आणि १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. पावसाचं, वाऱ्याचं, सूर्यप्रकाशाचं मोजमाप करणारी उपकरणं परदेशातून मागवायची तो काळ. सुमारे शंभर उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून ती इथेच बनवायची व्यवस्था त्यांनी उभी केली. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याच्या दगडी इमारतीवरून जाताना आजही किती जणांना हे नाव आठवतं, कोण जाणे. मराठी शाळांच्या भिंतींवर ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नागपूरच्या अदिती पंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. १९८३ च्या अखेरीस निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेतून त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर पोचल्या. भारतीय मोहिमेतून तिथे उतरलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. तोवर दुर्गम ठिकाणी बायकांना पाठवायचं नाही हा अलिखित दंडकच होता.

आता गळती नेमकी कुठे आहे ते पाहू. वय वर्षं पंचवीस ते अडतीस, असं माझं उत्तर आहे. पीएच.डी. संपते अठ्ठावीस-एकोणतीसला. मग दोन-चार वर्षं पोस्ट-डॉक, शक्यतो परदेशात. पहिली कायमची नेमणूक पस्तिशीच्या आत मिळावी अशी व्यवस्थेची अपेक्षा, आणि कित्येक जागांना, शिष्यवृत्त्यांना, पुरस्कारांना वयाची अट. नेमकी हीच वर्षं लग्नाची, बाळंतपणाची आणि नवऱ्याच्या बदलीची. पुरुषाच्या बाबतीत ही दोन वेळापत्रकं एकमेकांना आधार देतात, कारण घर कुणीतरी चालवत असतं. बाईच्या बाबतीत ती एकमेकांवर आदळतात.

मंगला नारळीकरांचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. १९६४ साली मुंबई विद्यापीठात गणितात एम.ए.ला पहिल्या, कुलपतींचं सुवर्णपदक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कामाला सुरुवात. मग लग्न, केंब्रिज, मुली, घर. पीएच.डी. मिळाली १९८१ साली, संख्या सिद्धांतात. मधली सतरा वर्षं वाया गेली असं मी म्हणणार नाही. त्यांनी शिकवलं, लिहिलं, मराठीत गणित गोड करून सांगणारी पुस्तकं दिली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ म्हणायला शिकवलं तेव्हा किती गदारोळ झाला, आणि त्यांनी तो किती शांतपणे निभावला, तेही आपण पाहिलं. पण सुवर्णपदक मिळवलेल्या गणितज्ञ बाईला सलग काम करायला मिळालं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांच्याकडे प्रतिभा होती, साथ देणारं घर होतं. मग जिच्याकडे यातलं निम्मंही नाही, तिनं काय करायचं?

बायका संशोधन सोडतात त्या घरासाठी, हे इतक्यांदा बोललं गेलंय की ते सत्यच वाटतं. पुण्यात वाढलेल्या कणभौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांचे उपकार असे, की त्यांनी हे तपासून बघायचं ठरवलं. भारतीय विज्ञान अकादमीच्या स्त्री-वैज्ञानिकांच्या गटाचं काम त्या वर्षानुवर्षं हिरिरीनं करत होत्या. २००८ साली त्यांनी आणि राम रामस्वामी यांनी भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचं ‘लीलावतीज् डॉटर्स’ हे पुस्तक संपादित केलं. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासक अनिता कुरूप आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पीएच.डी. झालेल्या शेकडो स्त्रियांची पाहणी केली. संशोधनात टिकलेल्या आणि बाहेर पडलेल्या, दोघींनाही विचारलं. बाहेर पडलेल्यांच्या उत्तरांत घरच्या जबाबदाऱ्या होत्याच, पण त्यांहून ठळक कारण निघालं ते हवी तशी नोकरीच न मिळणं. टिकलेल्या स्त्रियांत अविवाहित राहिलेल्यांचं प्रमाणही पुरुषांपेक्षा बरंच जास्त होतं. गोडबोले २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांच्या पाहणीतला हा निष्कर्ष आपल्या सार्वजनिक चर्चेत अजूनही पुरता उतरलेला नाही. घराला दोष दिला की संस्थांना काही बदलावं लागत नाही, हे त्याचं कारण असावं.

संस्था काय करतात? मी एम.एस्सी. झाल्यावर एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले होते. विद्युतचुंबकत्वावर दोन प्रश्न झाले. तिसरा प्रश्न आला, ‘लग्न ठरलंय का?’ मी नाही म्हणाले. ‘मग ठरेलच,’ समितीतले एक जण म्हणाले, आणि पुढचा उमेदवार बोलावला. आता असे प्रश्न उघड विचारले जात नाहीत. पण एकाच विषयातल्या नवरा-बायकोला एका संस्थेत घ्यायचं नाही, असा लेखी नियम नसतानाही पाळला जाणारा रिवाज कित्येक ठिकाणी आहे. वैज्ञानिकांची लग्नं वैज्ञानिकांशीच होतात, हे काही गुपित नाही. दोघांपैकी एकच जागा मिळणार असेल, तर ती कुणाला मिळते हे सांगायला नको.

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. विज्ञान विभागांतल्या १२७ प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकच अर्ज पाठवला. निम्म्या प्रतींवर नाव पुरुषाचं, निम्म्यांवर बाईचं. अक्षर न् अक्षर तेच असूनही पुरुष उमेदवार जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. असं करणाऱ्यांत स्त्री-प्राध्यापकही होत्या. आपल्याकडे २०२० साली वैष्णवी अनंतनारायणन आणि श्रुती मुरलीधर या दोन तरुण वैज्ञानिकांनी साधी मोजणी सुरू केली. परिषदांच्या व्यासपीठावर किती बायका बोलावल्या जातात, संस्थांत किती शिकवतात. नावं मोजून जाहीर करायची, एवढंच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अध्यापकवर्गात स्त्रिया साधारण सहात एक, हे चित्र त्यातून पुढे आलं. आयोजकांना आता निमंत्रणपत्रिका छापण्याआधी यादी पुन्हा वाचावी लागते. मोजणीत केवढी ताकद असते, हे विज्ञानवाल्यांना वेगळं सांगायला नको होतं.

वरच्या पायऱ्यांचं चित्र आणखी विरळ. भटनागर पुरस्कार १९५८ पासून दिला जाऊ लागला. पहिली स्त्री मानकरी आसिमा चॅटर्जी, १९६१ साली, रसायनशास्त्रात. २०२० पर्यंत पाचशेहून जास्त मानकरी झाले, त्यांत स्त्रिया विसाच्या आसपास. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ ची. तिला पहिली स्त्री-अध्यक्ष चंद्रिमा शहा यांच्या रूपानं २०२० साली मिळाली. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ ची. एन. कलैसेल्वी तिच्या महासंचालक झाल्या २०२२ साली. ऐंशी वर्षं लागली.

तंत्रज्ञानाची वाट थोडी वेगळी आहे. तिथे अजूनही दारापाशीच गर्दी अडते. अभियांत्रिकीच्या पदवीला देशभरात मुली तीस टक्क्यांच्या आत. त्यातही कॉम्प्युटर, आयटी आणि इलेक्ट्रॉनिक्सला बऱ्या, मेकॅनिकलला मोजक्याच. ‘मेकॅनिकल कशाला, कॉम्प्युटर घे, एसीत बसून काम’ हे मी पालकसभेत दरवर्षी ऐकते. यात मायाही आहे आणि भीतीही. कॉम्प्युटर हे मुलींचं क्षेत्र मानलं गेलं हा आपल्याकडचा एक चांगला अपघात म्हणायचा, कारण पाश्चात्त्य देशांत नेमकं तेच मुलांचं झालं. पण कारखान्याचं मैदान रिकामं राहिलं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं लिहिलेलं पाहून सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि पुण्याच्या कारखान्यात पहिली स्त्री-अभियंता म्हणून रुजू झाल्या, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कायदाच त्या जाहिरातीच्या बाजूनं होता हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमानं संध्याकाळी सात ते सकाळी सहा बायकांना कामावर ठेवायला मनाई केली होती. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी न करू शकणारा अभियंता कोण घेईल? महाराष्ट्रानं सुरक्षिततेच्या अटी घालून ही मनाई शिथिल केली ती २०१५ साली. खाणींचं तर याहून उशिरा. १९५२ च्या कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत उतरायला बंदी होती. तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती सैल झाली २०१९ साली. चंद्रपूर-नागपूरच्या कोळसापट्ट्यातल्या मुलीला मायनिंग इंजिनिअर व्हायचं असेल, तर तोवर तिच्या वाटेत थेट कायदाच आडवा होता.

आयटीआयकडे तर कुणी बघतच नाही. महिलांच्या आयटीआयमध्ये शिवणकाम, ब्युटी पार्लर आणि कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर, याच ट्रेडना गर्दी. फिटर, टर्नर, वेल्डरला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एका ट्रेडचं नावच ‘वायरमन’. आमच्या लॅबमध्ये बोर्डाचा फ्यूज उडाला की कुठलाही मुलगा न सांगता पुढे होतो आणि मुली मागे सरकतात. मीटर ब्रिजचं सर्किट मात्र त्याच मुलींनी बिनचूक जोडलेलं असतं. हल्ली मी फ्यूज बदलण्याची पाळी लावते, हजेरी क्रमांकानुसार.

आयआयटींचा अनुभव मला आशा वाटावा असा आहे. तिथे २०१६-१७ च्या सुमारास बी.टेक.ला शंभरात आठ-नऊच मुली असत. बुद्धीचा प्रश्न नव्हता. बारावीच्या निकालात पुढे असणाऱ्या मुली जेईईला मागे पडत, कारण कोट्याला किंवा लातूरला दोन वर्षं ठेवण्याचा खर्च घरं मुलांवर करत. प्रवेश मिळाला तरी लांबच्या आयआयटीपेक्षा जवळचं कॉलेज बरं, असं ठरे. २०१८ पासून मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या. मुलांची एकही जागा कमी न करता आधी १४ टक्के, मग १७, मग २०. दोन-तीन वर्षांत प्रमाण दुपटीवर गेलं. ‘दर्जा घसरेल’ म्हणणाऱ्यांनी तेव्हा बरंच लिहिलं होतं. जेईई ॲडव्हान्स्डची पात्रता त्या मुलींनी मिळवलेलीच होती, एवढं उत्तर पुरेसं आहे. आपल्या महाराष्ट्रात कर्व्यांच्याच संस्थेनं १९९१ साली पुण्यात मुलींचं कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं. गृहविज्ञानापासून अभियांत्रिकीपर्यंतचा तो प्रवास एकाच संस्थेच्या आवारात घडला.

प्रोत्साहन म्हणजे भाषण, असं आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात प्रोत्साहन म्हणजे एसटी. सायन्सचं कनिष्ठ महाविद्यालय गावोगाव नसतं. तालुक्याला असतं, आणि प्रॅक्टिकल संपून साडेपाच वाजले की परतीची गाडी हवी. मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास मिशनच्या निळ्या बस १२५ मागास तालुक्यांत फक्त शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी धावतात. आमच्याकडे संध्याकाळची फेरी बंद पडली त्या वर्षी तीन मुलींनी सायन्स सोडून आर्ट्स घेतलं, कारण आर्ट्सचे तास बाराला संपत. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांशानं वाढलेलं दिसलं. सायकलीनं त्यांना भौतिकशास्त्र शिकवलं नाही, पण भौतिकशास्त्र जिथे शिकवतात तिथवर नेलं.

महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास व आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. फार मोठा निर्णय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते. पण फी माफ झाली तरी पुण्यात खोली, मेस आणि प्रवास उरतोच. सरकारी वसतिगृहातल्या जागा आधीच अपुऱ्या. दलित, आदिवासी, भटक्या समाजांतल्या मुलींना तर खोली शोधताना आडनाव विचारलं जातं. स्त्री-वैज्ञानिकांवरच्या बहुतेक चर्चेत हा भाग गळून जातो. माझ्याही वर्गात पहिल्या बाकावरच्या आणि शेवटच्या बाकावरच्या मुलींची घरं वेगवेगळ्या वस्त्यांत आहेत, हे मला फार उशिरा उमगलं.

सरकारी योजनांची नामावळी लांब आहे, ती सगळी देत नाही. खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणणारी स्त्री-वैज्ञानिक योजना विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ पासून चालवली. तिनं अनेकींना प्रकल्प आणि मानधन दिलं, पण प्रकल्प तीन वर्षांनी संपतो आणि नोकरी कुणी देत नाही. चाळिशीच्या बाई पुन्हा रांगेत उभ्या. ‘विज्ञान ज्योती’ नववी ते बारावीच्या मुलींसाठी आहे, चांगली आहे. २०२० मध्ये सुरू झालेला ‘गती’ हा उपक्रम मला या सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यात मुलींना नव्हे, संस्थांना प्रश्न विचारले जातात: तुमच्याकडे किती स्त्रिया आहेत, किती सोडून गेल्या, बढती कुणाला मिळाली? ब्रिटनच्या ‘अथीना स्वॉन’ या सनदेवर तो बेतलेला आहे. तिथे या सनदेला निधीशी जोडलं गेलं, तेव्हा संस्था खडबडून जाग्या झाल्या. आपल्याकडे तसा दट्ट्या अजून नाही.

आदर्श दाखवून उपयोग होतो का? होतो, पण तो आदर्श जवळचा हवा. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जिथे आरक्षणामुळे लागोपाठ दोन वेळा बाई सरपंच झाली, तिथे मुलगे आणि मुली यांच्या शिक्षणातलं अंतर मिटलं आणि मुलींवरचा घरकामाचा बोजा कमी झाला. सरपंचबाईंनी काही वेगळी शाळा काढली नव्हती. त्या फक्त रोज दिसत होत्या. २०१४ च्या सप्टेंबरात मंगळयान कक्षेत शिरलं तेव्हा इस्रोच्या रेशमी साड्यांतल्या, केसांत गजरे माळलेल्या बायकांचं छायाचित्र जगभर गेलं. माझ्या वर्गातल्या मुलींनी ते वहीच्या मलपृष्ठावर चिकटवलं होतं. पुढे चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता झाल्या, आदित्य-एल१ च्या निगार शाजी. अग्नी क्षेपणास्त्राच्या टेसी थॉमस पुण्यात शिकल्या. ही नावं फळ्यावर लिहायलाच हवीत. पण मुलीला तिच्याच गावातून गेलेली, तिच्याच एसटीनं गेलेली एखादी ताई दिसली, तर ते वेगळंच असतं.

आमच्याकडून गेलेली अशी एक जण आहे. वडील पाटकरी, कालव्याचं पाणी सोडणारे. तिनं बी.एस्सी., एम.एस्सी. केलं, नेट काढली, पदार्थविज्ञानात पीएच.डी. करताना लग्न झालं, मुलगी झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमामुळे २४० दिवसांची रजा मिळाली, म्हणून प्रबंध पूर्ण झाला. प्रत्येक दिवाळीत ती आमच्या लॅबमध्ये येते आणि मुलींना पातळ थरांवर ती काय करते ते दाखवते. मुली तिला नॅनोबद्दल थोडंच विचारतात. सासरचे काय म्हणतात, पुण्यात खोली किती रुपयांना मिळाली, पहिल्यांदा इंग्रजीत बोलताना काय झालं, हेच जास्त.

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार स्त्रियांची प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं झालं. हे झालं कागदावर. गेल्या आठवड्यात आमच्या त्याच माजी विद्यार्थिनीचा फोन आला होता. सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखत आहे, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी व्याख्यान, दुसऱ्या दिवशी समिती. लेक अडीच वर्षांची. संस्थेच्या पत्रात विश्रामगृह, प्रवासभत्ता, प्रोजेक्टर, सगळं लिहिलं होतं. पाळणाघराबद्दल तिनं विचारलं, तर तसं काही नाही असं उत्तर आलं. तिची आई सोबत जाणार आहे. पाटकरी बाबा घरी राहून जनावरांचं बघतील. व्याख्यानाचं पहिलं पान तिनं मला वाचून दाखवलं, दोन वाक्यं मी बदलायला सांगितली, आणि मागून लेकीचा आवाज आला म्हणून तिनं फोन ठेवला.